मैदानावर टिकून राहणं

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मुली आणि खेळ’ असं लिहिलंय. सकाळपासून दोघी-तिघींनी हसत विचारलं, “काय गं, आता आम्हाला फुटबॉल शिकवणार का?” नाही. मी लाथ मारली की चेंडू हमखास गटारात जातो, हे आमच्या वस्तीतल्या मुलींना पक्कं ठाऊक आहे. पण गेली दोन वर्षं त्या वस्तीत आम्ही संध्याकाळी मुलींचा फुटबॉल चालवतो, आणि त्यातून मला जे दिसलं ते तुमच्यापुढे मांडायचं आहे.

सुरुवात सव्वीस मुलींनी केली. आज नऊ येतात. गळलेल्या सतरा जणींपैकी एकीनंही ‘खेळ आवडत नाही’ असं कारण दिलेलं नाही. कुणाची पाळी सुरू झाली, कुणावर धाकटा भाऊ सांभाळायची वेळ आली, कुणाच्या घरी नळाला पाणी नेमकं सहा वाजता येतं, कुणाला रस्त्यातली पोरं त्रास देतात. एकीचं लग्न ठरलं. यातली एक पोरगी फार चपळ. तिच्या आईला भेटायला मी गेले. चार घरची धुणीभांडी करून ती नुकतीच परतली होती. म्हणाली, “ताई, खेळून खेळून किती वर्षं खेळणार ती? फार तर दोन.”

मला उत्तर देता आलं नाही. मी स्वतः नववीत खो-खो सोडला. सोड असं मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या सोडतात तसा मीही सोडला. एम.एस.डब्ल्यू.च्या अभ्यासात मुलींची शाळागळती शिकले, पण मैदानावरची गळती कुठल्या प्रकरणात नव्हती. तेव्हा बाई किती वर्षं खेळू शकते, हे शोधायला मी बसले.

आणि मला फोर्मिगा सापडली. ब्राझीलची. खरं नाव मिराइल्देस मासिएल मोता. फोर्मिगा म्हणजे पोर्तुगीज भाषेत मुंगी. ती सगळ्या संघासाठी राबते म्हणून हे नाव पडलं. जन्म 1978चा, साल्वादोर शहरातला. ब्राझीलमध्ये 1941 साली सरकारनं हुकूम काढला होता की स्त्रीच्या ‘प्रकृतीशी’ न जुळणारे खेळ बायकांनी खेळू नयेत. फुटबॉल त्यातलाच. ही बंदी उठली 1979 साली. म्हणजे फोर्मिगा जन्मली तेव्हा तिचा खेळ तिच्यासाठी बेकायदा होता!

ही फक्त ब्राझीलची गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये 1920 साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलला बायकांचा सामना पाहायला त्रेपन्न हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेनं आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना बंदी केली. फुटबॉल बायकांना योग्य नाही, हे कारण. ती बंदी पन्नास वर्षं टिकली. एवढी गर्दी जमल्यावर बायकांची ‘प्रकृती’ आठवावी, हा योगायोग आपल्याला नवा नाही.

तर ही मुंगी 1995 साली, सतराव्या वर्षी, पहिला विश्वचषक खेळली. शेवटचा खेळली 2019 साली, एक्केचाळिसाव्या वर्षी. सात विश्वचषक! ऑलिंपिकमध्ये बायकांचा फुटबॉल 1996 साली आला. तेव्हापासून 2021 साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकपर्यंत सातही वेळा ती होती. त्यात दोन रौप्यपदकं. मध्ये 2016 साली तिनं निवृत्ती घेतली होती, पण 2018 साली ती संघात परत आली. देशासाठीचा तिचा शेवटचा सामना नोव्हेंबर 2021मध्ये मनाउस शहरात झाला, आणि समोर संघ होता भारताचा. आपण 6-1 असे हरलो. आपला एकमेव गोल पंजाबच्या मनीषा कल्याणचा. फोर्मिगा पहिला विश्वचषक खेळली तेव्हा मनीषाचा जन्मही झाला नव्हता.

आणि ती एकटी नाही. जपानची होमारे सावा 1995 ते 2015 या काळात सहा विश्वचषक खेळली. 2011च्या अंतिम सामन्यात, जादा वेळ संपत आला असताना तिनं बरोबरीचा गोल केला आणि जपाननं चषक जिंकला. कॅनडाची क्रिस्टीन सिंक्लेअर हीसुद्धा सहा विश्वचषक खेळली. तिचे देशासाठीचे गोल 190. अमेरिकेची क्रिस्टीन लिली देशासाठी 354 सामने खेळली. एवढे गोल आणि एवढे सामने तेव्हा कुठल्या पुरुषाच्याही नावावर नव्हते. ‘बाईचं शरीर टिकत नाही’ म्हणणाऱ्यांना हे आकडे जरूर ऐकवा.

मी मोठ्या उत्साहात पुन्हा त्या आईकडे गेले आणि मुंगीची गोष्ट सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग दोनच प्रश्न विचारले. “तिला पैसे कोण देत होतं? आणि घरचं कोण बघत होतं?”

मैत्रिणींनो, माझ्या सगळ्या वाचनापेक्षा हे दोन प्रश्न मोठे होते. बाई मैदानावर टिकते ती निव्वळ जिद्दीवर नाही. टिकण्याची व्यवस्था असावी लागते.

पहिला प्रश्न पैशांचा. मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवीचं उदाहरण घ्या. लहानपणी मुलांमध्ये खेळता यावं म्हणून ती मुलाचं नाव सांगायची. 1995 साली, पंधराव्या वर्षी ती भारताकडून खेळली आणि 2016पर्यंत खेळत राहिली. 2017 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, 2020 साली पद्मश्री. या प्रवासात तिला मणिपूर पोलिसातली नोकरी होती. महिन्याचा पगार हातात असलेली मुलगी ‘खेळ सोड’ म्हणणाऱ्याला उत्तर देऊ शकते. अमेरिकेच्या खेळाडूंनी समान वेतनासाठी 2019 साली आपल्याच महासंघाला कोर्टात खेचलं आणि 2022 साली तडजोडीत ते वेतन पदरात पाडून घेतलं. ब्राझीलच्या महासंघानं देशाकडून खेळणाऱ्या स्त्री-पुरुषांना समान मोबदला जाहीर केला तो 2020 साली. तोवर फोर्मिगा पंचवीस वर्षं खेळून झाली होती.

दुसरा प्रश्न घराचा, आणि त्यातही बाळंतपणाचा. खेळाडू बाईला किमान दोन-तृतीयांश पगारासह किमान चौदा आठवडे रजा द्यायची, हा नियम फिफानं 2021पासून केला. नियम आला म्हणून पैसे आपोआप आले नाहीत. आइसलँडची सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर हिला गरोदरपणात क्लबनं पूर्ण पगार दिला नाही. ती फिफाच्या न्यायाधिकरणापुढे लढली आणि 2022 साली जिंकली. कायदा कागदावर असणं आणि हातात पडणं यातलं अंतर आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? अगदी साधी गोष्ट पाहा. इंग्लंडच्या संघानं पाळीच्या काळजीपोटी पांढऱ्या चड्ड्या बदलून निळ्या घेतल्या, त्या 2023 साली! इतकी वर्षं ही गोष्ट कुणी कुणाशी बोललं नसेल का? बोलल्या असतील. ऐकणारं कुणी नव्हतं.

आपल्यातल्या काही जणी म्हणतात, मारहाणीच्या केसेस आहेत, रेशनचे प्रश्न आहेत, त्यात हा खेळ कुठे? मीही दोन वर्षांपूर्वी तेच म्हटलं असतं. पण मोकळ्या जागेत संध्याकाळी तासभर, कुणाचंही काम न करता, स्वतःच्या आनंदासाठी धावण्याचा हक्क ज्या मुलीला चौदाव्या वर्षी सोडावा लागतो, तिला पुढे नवऱ्याच्या घरात कुठला हक्क मागता येणार? आपल्याकडे केस येते तेव्हा ती पंचविशीची असते. तिची माघार सुरू झाली ती मात्र या मैदानावरून.

त्या आईच्या प्रश्नांवर आम्ही बैठक घेतली. आता मैदानाच्या कडेला दोन आया आळीपाळीनं बसतात आणि धाकट्या भावंडांना सांभाळतात. वेळ सहाऐवजी पाच केली. काळ्या चड्ड्या घेतल्या, पिशवीत पॅड ठेवले. ती चपळ पोरगी अजून रोज येत नाही, रविवारी येते. तिची आई कडेला बसते. मागच्या रविवारी मला म्हणाली, “दोन वर्षं तर होऊ दे, पुढचं पुढे बघू.”

तेव्हा माझी मागणी छोटी आहे. इथून परत गेल्यावर आपापल्या वस्तीतलं, गावातलं मैदान संध्याकाळी पाच वाजता एकदा बघून या. तिथे किती मुली आहेत ते मोजा. नसतील तर त्या वेळी त्या कुठे असतात, काय करत असतात, ते त्यांच्या आयांना विचारा. पुढच्या शिबिरात आपण ते आकडे घेऊन बसू.