प्राण तोलता येतील काय?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त सराफा, जबलपूर येथे केलेले भाषण)



सराफ्यात बोलावयाचे म्हणजे तोलमापाचाच विषय सुचावा, हे साहजिक आहे. सोने गुंजेगुंजेने तोलता येते. माणसाचे प्राण तसे तोलता येतील काय, असा आजचा प्रश्न आहे.

ज्या कृत्याने पुष्कळांचे पुष्कळ सुख साधते ते योग्य, हे बेंथॅम व मिल यांच्या उपयुक्ततावादाचे सार होय. व्यवहारात आपण सारेच हा हिशेब करतो. पुरात नाव एकच असली, तर जेथे अधिक माणसे अडकली तेथे ती आधी न्यावी, यात कोणी दोष काढीत नाही. परंतु लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त या मताची अडचण दाखविली. कौरवांकडे अकरा अक्षौहिणी, पांडवांकडे सात; केवळ संख्येवरून न्याय ठरवू लागलो, तर पांडवांचा पक्ष अन्यायाचा म्हणावा लागेल!

हा वाद ग्रंथांतच राहिला नाही. आपल्या या शहराच्या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि अनेकजण चौकशीवाचून तुरुंगात पडले. अशांचे अर्ज ऐकता येतात, असे येथील उच्च न्यायालयाने ठरविले. त्यावर झालेले अपील ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या नावाने प्रसिद्ध आहे. राष्ट्राच्या सुरक्षिततेपुढे काहींचे स्वातंत्र्य गौण, असा सरकारी पक्षाचा रोख होता. तेव्हा न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारले की, एखाद्या अधिकाऱ्याने वैरापोटी कुणाचा जीव घेतला, तरी दाद नाही काय? आणीबाणी असेतो नाही, असे महान्यायवादी नीरेन डे यांना सांगावे लागले.

२८ एप्रिल १९७६ रोजी चौघा न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे मान्य केले; एकटे खन्ना विरोधात राहिले. त्या चौघांत आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, हे आपण लपवू नये. पुढे १९७७ मध्ये खन्नांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही अबाधित केला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी तो जुना निर्णय रद्द ठरला. तसे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचेच पुत्र.

मग उपयुक्ततावाद खोटा काय? मला तसे वाटत नाही. सुरक्षितता ही सुखाची पहिली अट, हे मिलनेच सांगितले आहे. एकाचा जीव विनाजाब घेता येतो असे ठरले, की ते भय प्रत्येक घरात शिरते. तेही पारड्यात घातले पाहिजे. तेव्हा माझे मत असे की, वाचविताना संख्या अवश्य पाहावी. परंतु कुणाचा प्राण घेताना संख्येची सबब सांगू नये.

आपण येथे संख्येने थोडे आहोत. थोड्यांच्या जिवाची किंमत आपणास निराळी समजावून सांगावयास नको.