हात मोकळे, मन गुंतलेलें

(नभोवाणीवरील भाषण)

आजचा विषय ऐकून कांहीं मंडळींस नवल वाटेल. शाळेंत पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्या मॅट्रिक झालेल्या मास्तरानें मोटारींतल्या फोनच्या तारांविषयीं काय सांगावें? परंतु या तारा मी स्वतःच्या हातांनीं जोडल्या आहेत. आणि त्या बिनचूक जोडूनहि एका संध्याकाळीं माझ्या हातून केवढा अनर्थ घडतां घडतां राहिला, हें मी विसरूं शकत नाहीं. तो अनुभव आज आपणांपुढें ठेवीत आहें.

आपल्या देशांत मोबाईल फोनवरचें पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झालें. आमच्या भंडाऱ्यास हा फोन घरोघरीं दिसूं लागण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. तो आमच्या घरीं आला, तेव्हां दाराशीं एक जुनी मारुतीहि उभी होती, आणि एका हातांत स्टिअरिंग व दुसऱ्या हातांत फोन धरण्याची खोड मलाहि जडली. पुण्याच्या मुलीनें एकदां चांगलेंच दटावलें, "बाबा, गाडी चालवितांना फोन हातांत घेत जाऊं नका." मास्तरांना मुलीचा धाक असतोच! २००६ सालीं मी फोन गाडींत बसविण्याचें साहित्य आणलें, आणि गाड्यांच्या वायरिंगचें काम करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्यास हाताशीं घेऊन बसलों. त्या दिवशीं तो गुरु झाला आणि मी विद्यार्थी.

साहित्य तें केवढें! फोन अडकविण्याचा एक स्टँड, एक माईक, एक स्पीकर आणि या सर्वांना सांधणारी एक लहानशी पेटी. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, आणि फोनला लागतो चारांच्याहि आंतला दाब. तो उतरवून देणें हें त्या पेटीचें एक काम. पेटींतून चार तारा निघाल्या होत्या. लाल तार बॅटरीच्या धन टोकाकडे जावयाची, काळी गाडीच्या लोखंडी अंगाशीं, निळी इग्निशनच्या चावीकडे, आणि पिंवळी रेडिओकडे. फोन वाजतांच रेडिओनें गप्प बसावें, एवढ्यासाठीं ही शेवटची.

मी उत्साहानें पेटीची पिंवळी तार रेडिओच्या पिंवळ्या तारेशीं जोडूं लागलों, तोंच विद्यार्थ्यानें माझा हात धरला. बाजारी रेडिओंत पिंवळी तार बहुधा बॅटरीची असते! एकाच रंगाचा अर्थ दोन पेट्यांत दोन प्रकारचा. "गुरुजी, रंगावर जाऊं नका, दिवा लावून पाहा," तो म्हणाला. तपासणीच्या दिव्यानें प्रत्येक तार पारखल्यावांचून कोणतीहि जोडूं नये, हा पहिला धडा.

दुसरा धडा फ्यूजचा. फ्यूज पेटीजवळ नव्हे, तर बॅटरीजवळ बसवावा. इंजिनाकडून आंत येणारी तार पत्र्याच्या भोंकांतून जाते. तेथें घासून तिचें आवरण फाटलें, तर फ्यूजच्या अलीकडची, म्हणजे बॅटरीच्या बाजूची तार उघडी आगपेटीच होय. म्हणून भोंकांत रबराची कडी घालावी आणि फ्यूज अगदीं उगमाशीं ठेवावा. तिसरा धडा काळ्या तारेचा. पत्र्यावरील रंग खरवडून, लखलखीत धातूवर ती घट्ट आवळावी. एरवीं इंजिनाच्या गतीबरोबर चढउतार करणारी एक शीळ स्पीकरांतून ऐकूं येते. आणि निळी तार चावीशीं न जोडतां थेट बॅटरीशीं जोडली, तर पेटी रात्रभर जागी राहते व सकाळीं गाडीला धक्का मारण्याची पाळी येते.

माईक कोठें लावावा? तोंडाजवळ, समोरच्या कांचेच्या बाजूच्या खांबावर, वाऱ्याच्या झोतापासून आणि स्पीकरपासून दूर. स्पीकरचा आवाज माईकमध्यें शिरला कीं पलीकडच्या माणसास स्वतःचेच शब्द क्षणभरानें परत ऐकूं येतात; एखाद्या ओसाड देवळांत हांक मारावी तसें. हा प्रतिध्वनि पुसण्याची युक्ति मोठी सुंदर आहे. पेटी स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजावरून त्याच्या प्रतिध्वनीचा अदमास बांधते आणि माईकमध्यें आलेल्या आवाजांतून तेवढा वजा करते. दूरच्या टेलिफोनमधील प्रतिध्वनि अशा वजाबाकीनें घालविण्याच्या कामांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेचे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ मनमोहन सोंधी अग्रभागीं होते; त्यांचा त्यावरील निबंध १९६७ सालीं प्रसिद्ध झाला. वजाबाकी शिकविणाऱ्या मास्तरास याचा अभिमान वाटावा, यांत नवल काय?

असो. संध्याकाळपर्यंत सर्व जोडणी सुरेख जमली. आतां माझे दोन्ही हात मोकळे, म्हणून मी निर्धास्त झालों. आणि तेथेंच चुकलों.

कार्तिकाचे दिवस होते. धानाची कापणी चालू होती. साकोलीहून भंडाऱ्यास परतत होतों. त्या काळीं ६ क्रमांकाच्या आणि आज ५३ क्रमांकाच्या त्या महामार्गावर लाखनी मागें पडली, दिवेलागण झाली, आणि मुलीचा फोन आला. तिची बदली व्हावयाची होती. लहान नातीस कोणी सांभाळावें, हा प्रश्न होता. मी बोलूं लागलों. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर. इतक्यांत शेजारीं बसलेल्या सौभाग्यवती किंचाळल्या, "अहो, बंडी!"

धानाच्या पेंढ्यांनीं लादलेली बैलबंडी समोर होती. मागें दिवा नव्हता, हें खरें. परंतु माझ्या गाडीचा उजेड तिच्यावर पडलेला होता, आणि तिला मी पाहत होतों! तरीहि ती मला दिसली नव्हती. ब्रेक करकचून दाबला; गाडी बंडीपासून दोन हातांवर थांबली. पेंढ्यांवर एक लहान मुलगा पाय सोडून बसला होता. तो माझ्याकडे पाहून हंसला. स्पीकरमधून मुलगी विचारीत होती, "बाबा, काय झालें?" माझ्या तोंडून शब्द फुटेना.

ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर तोडते. दोन सेकंद माझें मन पुण्यास होतें, म्हणजे ३३ मीटर ती गाडी कोणीच चालवीत नव्हतें.

हा माझ्या एकट्याचा बावळटपणा असावा, असें मला बरेच दिवस वाटे. पुढें वाचनांत आलें तें असें. कॅनडांतील टोरोंटो येथें रेडेलमायर व टिब्शिरानी या संशोधकांनीं अपघात झालेल्या ६९९ फोनधारक चालकांचा अभ्यास करून १९९७ सालीं निष्कर्ष काढला, कीं फोनवर बोलतांना अपघाताचा धोका सुमारें चौपट होतो, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोननें तो कमी झाल्याचें दिसत नाहीं. अमेरिकेंतील यूटा विद्यापीठांत स्ट्रेयर व जॉन्स्टन यांनीं २००१ सालीं दाखविलें, कीं बोलणाऱ्या चालकांच्या नजरेंतून दुप्पट सिग्नल निसटतात; फोन हातांत असो वा नसो. शेजारच्या माणसाशीं बोलणें मात्र निराळें. त्यालाहि रस्ता दिसतो; वळण आलें कीं तो आपण होऊन थांबतो, प्रसंगीं "बंडी!" म्हणून ओरडतो. पुण्याच्या मुलीला लाखनीची बंडी कशी दिसावी?

कायद्याचेंहि पाहा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमांत २०१९ च्या दुरुस्तीनें, हातांत धरावयाच्या फोनचा वापर हें धोकादायक चालविणें म्हणून स्पष्ट नमूद झालें. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. शिक्षा योग्यच आहे. पण पोलिसाला हात दिसतो. मन कोठें आहे, हें फक्त चालकालाच ठाऊक.

आज तारांची खटपट संपली आहे. ब्लूटूथनें फोन गाडीशीं आपोआप जुळतो. म्हणूनच मोह अधिक. ही सोय टाकून द्या, असें मी म्हणत नाहीं. हातांत फोन धरण्यापेक्षां ती बरीच. परंतु तिचा उपयोग एवढाच असावा: "गाडींत आहें, पोंचल्यावर बोलतों." फारच निकड असेल, तर गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागीं उभी करावी आणि मग बोलावें.

आणि श्रोतेहो, एक विनंति घरीं बसून फोन करणाऱ्यांस. अपघाताच्या तारेचें दुसरें टोक आपल्या हातांत असतें. फोन उचलला जातांच आधीं विचारावें, "गाडी चालवीत आहांत काय?" होय म्हटलें तर लगेच फोन ठेवावा. आमच्या मुलीनें त्या रात्रीपासून हा नियम धरला आहे. ती नात आतां मोठी झाली आहे, आणि आजोबांना फोन केला कीं तिचा पहिला प्रश्न हाच असतो.