वालधुनीकाठचे संशोधक



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकांशी आज मला बोलायचे आहे. विद्यापीठाच्या संशोधनाची धुरा वाहणारी पदे आपल्यासाठी नाहीत, असे यांतले अनेकजण आधीच ठरवून मोकळे होतात. मला ते मान्य नाही.

डॉ. गणपती यादव यांचेच पाहा. जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाड्याचा. ते माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत शिकले, तिथेच शिकवू लागले आणि 2009 ते 2019 त्याच संस्थेचे कुलगुरू होते. पण त्याआधी वर्षानुवर्षे त्यांनी पीएच.डी.चे विद्यार्थी घडवले. खरी तयारी ती.

यूजीसीच्या 2018 च्या नियमांत प्राध्यापकपदासाठी पीएच.डी., 10 वर्षांचा अनुभव आणि 10 शोधनिबंध तर आहेतच, शिवाय पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला यशस्वी मार्गदर्शन केल्याचा पुरावाही लागतो. शोधनिबंध घाईने जमवता येतात, विद्यार्थी नाही. त्याला चार-पाच वर्षे द्यावीच लागतात. म्हणून पस्तिशीतच गाईड व्हा. 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी. आणि 3 शोधनिबंध असलेल्या सहायक प्राध्यापकालाही ती मुभा आहे.

विषय कुठून आणायचा? आपल्या दारातून वालधुनी वाहते. अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून ती उल्हासनगरात शिरते आणि कारखान्यांचे सांडपाणी पोटात घेत कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. रसायनशास्त्राने तिचे पाणी तपासावे, वनस्पतिशास्त्राने काठ पाहावा, आणि छोट्या कारखानदाराला सांडपाणी शुद्ध करणे परवडते का, याचा हिशेब वाणिज्य विभागाने मांडावा. अंबरनाथमध्येच डीआरडीओची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना व्याख्यानाला बोलवा, ओळख वाढवा. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणारा, अनुदानाचा प्रस्ताव लिहिणारा, डेड स्टॉक रजिस्टर आणि उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर पुरे करणारा माणूस उद्या अधिष्ठाता म्हणून शोभेल. ही कामे कंटाळवाणी वाटतात खरी, पण संशोधन बहुतेक वेळा इथेच अडते.

राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने 2006 साली सुरू झालेली विद्यार्थ्यांच्या संशोधनाची ‘आविष्कार’ स्पर्धा दरवर्षी येते. माझी विनंती एवढीच, की यंदा निदान एका विद्यार्थ्याला तिथे न्या, आणि त्याचा विषय शेजारच्या विभागातल्या सहकाऱ्याला सोबत घेऊन ठरवा.