डोंगरावरचे विद्यानगर : लाभ आणि हानी
(समाजाच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून आम्ही आजच्या विषयाकडे वळतो. दरवर्षी प्रवेशाचे दिवस आले की समाजाच्या कार्यालयात काही पालक हातात कागद घेऊन येतात. मुलाला मंडीच्या आय.आय.टी.त जागा मिळालेली असते, कोणाच्या मुलीला शिमल्याच्या विधी विद्यापीठात, कोणाला हमीरपूरला, कोणाला धरमशालेच्या केंद्रीय विद्यापीठात. आनंद तर असतोच, पण प्रश्नही असतो : "साहेब, इतक्या लांब, डोंगरात, थंडीत पाठवावे की नाही?" या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देणे बरोबर नाही. आमची मुलगी शिमल्यात शिकली. त्या निमित्ताने आम्ही उभयतांनी तेथे जे पाहिले आणि सोसले ते आपल्यापुढे ठेवतो.

डोंगर आणि विद्या यांचे नाते आपणांस नवे नाही. कार्ले, भाजे, जुन्नर, कान्हेरी येथील लेणी पाहा. भिक्खूंनी वर्षावासासाठी आणि अध्ययनासाठी डोंगर निवडला. पण कसा निवडला? राजा बिंबिसाराने वेळुवन दान दिले तेव्हा त्याने असा विचार केल्याचे विनयात सांगितले आहे की, भगवंतांना राहण्याचे ठिकाण गावापासून फार दूर नसावे आणि फार जवळही नसावे. दूर असेल तर भिक्षा मिळणार नाही आणि लोकांना येता येणार नाही; जवळ असेल तर गलबल्यात ध्यान होणार नाही. कान्हेरीला गेलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. तेथे लेण्यांच्या जोडीला पाण्याची पोढी म्हणजे खडकात कोरलेली टाकी आहेत. राहण्याची जागा कोरतानाच पावसाच्या पाण्याची तजवीज केलेली होती. या दोन गोष्टी, योग्य अंतर आणि पाणी, आपण लक्षात ठेवू. त्या पुढे कामी येतील.

आता शिमल्याविषयी. समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटर उंचीवरचे हे शहर इंग्रजांनी वसवले आणि १८६४ पासून ते हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी झाले. १८८८ साली तेथे व्हाइसरॉयसाठी दगडी राजवाडा बांधून पूर्ण झाला. याच राजवाड्यात २५ जून ते १४ जुलै १९४५ या काळात लॉर्ड वेव्हेल यांनी बोलावलेली प्रसिद्ध सिमला परिषद भरली. अनुसूचित जातींचे प्रतिनिधी म्हणून रावबहादूर एन. शिवराज तेथे उपस्थित होते. परिषद निष्फळ ठरली. मात्र ती चालू असतानाच, ८ जुलै १९४५ रोजी, बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. डोंगरावर सत्तेच्या वाटपाची बोलणी फिसकटत होती, त्याच दिवसांत इकडे आपल्या मुलांसाठी महाविद्यालयांचा पाया घातला जात होता.

पुढे राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने तोच राजवाडा विद्येच्या कामी आला. १९६५ साली तेथे भारतीय उच्च अध्ययन संस्थेचे उद्घाटन झाले. १९७० साली जवळच समर हिल येथे हिमाचल प्रदेश विद्यापीठ स्थापन झाले. त्याशिवाय संजौली, चौडा मैदान, लक्कड बाजार अशा भागांत महाविद्यालये आहेत, इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. राज्याच्या कानाकोपऱ्यातून मुले-मुली येथे शिकायला येतात. म्हणून पर्यटक ज्याला थंड हवेचे ठिकाण म्हणतात, त्याला आम्ही विद्यानगर म्हणतो.

प्रथम लाभ सांगतो.

पहिला लाभ शांततेचा. मुख्य माल रोडवर सामान्य वाहनांना बंदी आहे. देवदारांतून जाणाऱ्या पायवाटांवर विद्यार्थी पुस्तकाविषयी बोलत चालताना दिसतात. संध्याकाळ लवकर होते, थंडी वाढते, मन भटकवणाऱ्या गोष्टी कमी असतात. ज्याला वाचायचे आहे त्याला वेळ मिळतो.

दुसरा लाभ शरीराचा. तेथे कोठेही जायचे तर चढ किंवा उतार. घरेही उतारावर, त्यामुळे रस्त्यावरून आत शिरलात की पुष्कळदा सगळ्यात वरच्या मजल्यावर येता आणि जिन्याने खाली आपल्या खोलीकडे जाता. पहिला महिना पोटऱ्या दुखतात, नंतर मुले काटक होतात. मात्र ज्याला गुडघ्याचा, दम्याचा वा हृदयाचा त्रास आहे, त्याने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तिसरा लाभ आम्हांला सर्वांत मोठा वाटतो. तो सोबतीचा. किन्नौर, लाहौल आणि स्पीती या भागांत पिढ्यान्‌पिढ्या बौद्ध असलेली कुटुंबे आहेत. त्यांची मुले शिकायला शिमल्यात उतरतात. आमच्या मुलीची स्पीतीच्या दोन मुलींशी मैत्री झाली. सन ९९६ मध्ये स्थापन झालेल्या ताबो विहाराविषयी आमच्या मुलीला काहीच ठाऊक नव्हते. त्यांना नागपूरच्या दीक्षाभूमीविषयी आणि बावीस प्रतिज्ञांविषयी ठाऊक नव्हते. हिवाळ्याच्या रात्री एका रजईत बसून या तिघींनी एकमेकींना आपापला धम्म सांगितला. १४ एप्रिलला तिघींनी मिळून मेणबत्त्या लावल्या. त्यांच्या गावांकडेही उच्च-नीच कशी पाळली जाते, हेही त्या मैत्रिणींनी न लपवता सांगितले. बौद्ध म्हणवल्याने जात आपोआप जात नाही, हा धडा आमच्या मुलीला पुस्तकातून मिळाला नसता.

आता हानी सांगतो.

पहिली अडचण पाण्याची. शिमला डोंगराच्या कण्यावर वसले आहे आणि पाणी खाली दरीत आहे. गुम्मा, गिरी अशा योजनांतून ते पंपाने वर चढवावे लागते. मूळ वस्ती थोडी होती. २०११ च्या जनगणनेत ती सुमारे १ लाख ७० हजार झाली. २०१५-१६ च्या हिवाळ्यात सांडपाणी मिसळलेले पाणी नळाला आले, काविळीची मोठी साथ पसरली आणि माणसे दगावली. २०१८ च्या मे-जूनमध्ये पाणीपुरवठा निम्म्याच्या आसपास आला, टँकरपुढे रांगा लागल्या, शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. आमची मुलगी तेव्हा तेथेच होती. ती फोनवर म्हणाली, "आई, आज दोन बादल्यांत तिघींनी भागवलं. परीक्षेचा अभ्यास रांगेत उभं राहूनच केला." कान्हेरीच्या पोढींची आम्हांला त्या दिवशी आठवण झाली.

दुसरी अडचण हवामानाची. डिसेंबर ते फेब्रुवारी कडाक्याची थंडी, मधूनमधून बर्फ, गोठलेले नळ. पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी मनावर कोरून ठेवावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी, जिला तिकडे अंगीठी म्हणतात, पेटवून कधीही झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही.

तिसरी अडचण डोंगराचीच. १४ ऑगस्ट २०२३ रोजी अतिवृष्टीत समर हिल येथे दरड कोसळली, शिवमंदिर गाडले गेले आणि २० माणसे मृत्युमुखी पडली. विद्यापीठातली माणसेही त्यांत होती. जवळच कालका-शिमला रेल्वेमार्गाखालची माती वाहून गेली आणि रूळ हवेत लोंबकळत राहिले. हा मार्ग १९०३ चा, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतला. उतारावर मजल्यांवर मजले चढवले, पाण्याच्या वाटा बुजवल्या, तर डोंगर किती सोसणार? म्हणून खोली पाहताना भाडे पाहावे तसे घरामागचा उतारही पाहावा, भिंतीच्या भेगा पाहाव्यात.

चौथी अडचण अंतराची आणि खर्चाची. मुंबई-नागपूरहून आधी दिल्ली किंवा चंदीगड, मग घाटाचा रस्ता, नाहीतर कालक्याहून छोटी गाडी, जी ९६ किलोमीटरला पाच-सहा तास घेते. घरात काही बरेवाईट झाले तर मूल लगेच पोहोचू शकत नाही. गंभीर आजारात रुग्णाला चंदीगडच्या पी.जी.आय.मध्येही न्यावे लागते. हंगामात पर्यटक येतात आणि सगळेच महाग होते. लोकरीचे कपडे, चांगले बूट, जाड रजई हा पहिल्याच महिन्याचा खर्च आहे. मजुरी करणाऱ्या आईबापांना तो पेलत नाही.

आणि आता ती अडचण, जिच्याविषयी माहितीपुस्तिकेत एक ओळही नसते.

२०१७ साली मुलीला प्रवेश मिळाला, पण वसतिगृहात जागा मिळाली नाही. जागा थोड्या आणि मागणारे फार. आम्ही खोली शोधू लागलो. एका घरी खोली पसंत पडली, भाडे ठरले, चहा आला. घरमालक वयस्कर, बोलणे गोड. त्यांनी आडनाव विचारले. त्यावरून त्यांना काही उलगडेना, म्हणून त्यांनी सरळच विचारले, "आपण कोण लोक?" आम्ही म्हणालो, "बौद्ध." त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे किन्नौरकडचे?" आम्ही म्हणालो, "नाही, महाराष्ट्रातले. बाबासाहेबांबरोबर आलो ते." चहा संपेपर्यंत ते फारसे बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फोन आला की खोली नातेवाइकाला द्यायची ठरली आहे. पुढच्या आठवड्यात त्याच खिडकीवर "खोली भाड्याने देणे आहे" ही पाटी आम्ही पाहिली.

२०११ च्या जनगणनेनुसार हिमाचलात दर चार माणसांमागे एक अनुसूचित जातीचा आहे. पंजाबानंतर देशात हे प्रमाण तेथेच सर्वाधिक. तरीही हा प्रश्न तेथे दारात उभा असतो. सगळेच तसे वागतात असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ज्या घरात शेवटी मुलीला त्या स्पीतीच्या मुलींबरोबर खोली मिळाली, त्या मालकीणबाईंनी तिला तापात स्वतःच्या हाताने खिचडी करून घातली. पण पहिल्या दाराशी आमची अठरा वर्षांची मुलगी आमच्या शेजारी उभी होती, तिने सगळे ऐकले होते. खाली उतरताना ती एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही गेल्यावर मला हे एकटीला विचारतील ना?" बंधू-भगिनींनो, थंडीला रजई मिळते. या प्रश्नाला काय पांघरायला द्यायचे?

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. डोंगरावरचे विद्यानगर वाईट नाही. अभ्यासाला त्याच्यासारखी जागा थोडी. पण तेथे पदवी मिळेल की नाही हे पुष्कळदा वर्गात ठरत नाही, राहण्याच्या जागेवर ठरते. जागा नाकारली गेलेले, एकटे पडलेले, आजारी पडलेले मूल पहिल्या हिवाळ्यातच परत येते आणि लोक म्हणतात, झेपले नाही. बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. नागसेनवनात वर्गांबरोबर वसतिगृहेही उभी राहिली. खेड्यातून आलेल्या मुलाला आधी निवारा लागतो, हे त्यामागचे शहाणपण होते.

विद्यार्थी मित्रांनो, प्रवेश घेण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. वसतिगृहात जागा नक्की आहे काय? पाणी रोज येते काय? रात्री आजारी पडलो तर रुग्णालय किती दूर? आणि तेथे आपला एक तरी माणूस आहे काय? वेळुवनाची कसोटी हीच : फार दूर नाही, फार जवळ नाही. मैल किती हे कमी महत्त्वाचे. हाक मारली तर ओ देणारे कोणी आहे की नाही, यावर ते अंतर ठरते. आणि कोणी "आपण कोण लोक?" असे विचारले तर मान खाली घालू नका. खोली मिळो न मिळो, उत्तर बदलू नका.

पालकांनो, पहिल्या वेळी मुलाबरोबर स्वतः जा. मुलगा असो वा मुलगी, खोली स्वतः पाहा, घरमालकाशी स्वतः बोला.

आणि समाजाच्या सभासदांपुढे आमचे मागणे असे. लांब शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी आपण एक छोटा निधी उभारावा, ज्यातून पहिला प्रवास, गरम कपडे आणि खोलीची अनामत एवढे भागेल. तेथे शिकून आलेल्या आपल्या मुलांची नावनिशी कार्यालयात ठेवावी, म्हणजे नव्या मुलाला ओळखीच्या माणसाचे दार ठोठावता येईल. आमच्या मुलीने आपले नाव त्या यादीत पहिले लिहिण्यास सांगितले आहे. तिच्या पहिल्या पगारातली रक्कम आम्ही आज अध्यक्षांच्या हाती देत आहोत. ती मोठी नाही. पण एका मुलाची अनामत तेवढ्यात भरेल, आणि त्याला दुसऱ्या दारापर्यंत जाण्याची हिंमत राहील.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम!