शेवटच्या रांगेतून
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सातवीच्या गॅदरिंगला बाईंनी मला शेवटच्या रांगेत उभं केलं, तेव्हा मी घरी जाऊन रडले होते. पुढे हिंदी सिनेमात ग्रुप डान्सर म्हणून बावीस वर्षं काढली, तीही मागच्याच रांगेत!

गाणं पडद्यावर सलग दिसतं, पण शूटिंग तुकड्यातुकड्यांनी होतं. दोन ओळी वाजतात, 'पाच, सहा, सात, आठ' अशी मोजणी होते आणि आम्ही सुरू. लाँग शॉट वेगळा, क्लोजअप वेगळा. दर वेळी आमचा हात त्याच ठोक्याला वर गेला नाही, तर तुकडे जुळत नाहीत. हीरोइन पुढे मोकळी नाचते, ती मागची रांग चुकत नाही म्हणून.

सरोज खानही आधी ग्रुप डान्सरच होत्या. 'तेजाब'मधल्या 'एक दो तीन'साठी १९८९ साली नृत्यदिग्दर्शनाचं पहिलं फिल्मफेअर त्यांना मिळालं.

माझी आई थिएटरात मला शोधत बसायची. एकदा दिसले, तिने शेजारणीला दाखवेपर्यंत गेलेसुद्धा.

बाई, रांग सांभाळायला तुम्हीच शिकवलंत. तेव्हाचा राग आज सोडते. फक्त आजच्या फोटोत मी पुढे बसणार!