टनाचा दर आणि माणशी उत्पन्न



दिवाळी झाली की कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या बिद्रीत ऊसगाड्यांची रांग लागते आणि चहाच्या टपरीवर एकच विषय निघतो : यंदा कुणाची टनाला पहिली उचल किती? दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना दारातच, पण आजूबाजूच्या कारखान्यांचे आकडेही सगळ्यांना तोंडपाठ. पन्नास रुपयांच्या फरकावरून आवाज चढतात. मग कोपऱ्यातला एखादा म्हातारा विचारतो, "उतारा किती पडला त्यो सांग की. आणि तोडणी-वाहतूक कापून बोलतोयस, का तसंच?" एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, ठरते ती सव्वादहा टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, उतारा चढला की दर चढतो, आणि तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते. हे ज्याला ठाऊक, तो नुसत्या आकड्याला भुलत नाही.

श्रीमंत देशांच्या याद्या वाचताना मला तो म्हातारा हवासा वाटतो. माणशी उत्पन्न हा देशाचा टनाचा दरच.

आयर्लंडचं उत्पादन 2015 साली एका वर्षात 26 टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. आयरिश माणूस काही सव्वापट जेवायला लागला नव्हता. परदेशी कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता कागदोपत्री तिथं आणून ठेवली होती. ऊस दुसऱ्याच्या शिवारातला, वजन यांच्या काट्यावर! शेवटी तिथल्या सांख्यिकी खात्याला हे फुगवटे वगळून वेगळा आकडा काढावा लागला.

अमेरिका जर्मनीच्या पुढे दिसते. पण अमेरिकन कामगार वर्षाला सुमारे 1800 तास राबतो, जर्मन साडेतेराशेच्या आसपास. तासावर हिशेब मांडला की अंतर बरंच आटतं. आणि इतकं कमावून अमेरिकेत सरासरी आयुष्य 2023 साली 78च्या थोडं वर, जपानमध्ये 84.

लक्झेंबर्गची गंमत मात्र खास आपल्यासाठी आहे. वस्ती सात लाखांच्या आत, आणि माणशी उत्पन्नात जगाच्या अगदी वरच्या ओळीत. पण फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून दोन लाखांवर माणसं तिथं कामाला येतात आणि काम आटोपून आपापल्या घरी जातात. त्यांची कमाई भागाकारात वर धरली जाते, डोकी मात्र खाली मोजलीच जात नाहीत.

हसू नका. आपल्याकडंही तेच : उसाच्या फडात पहाटे बीडकडची ऊसतोड टोळी शिरते. धुक्यात कोयत्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो. उजाडल्यावर दिसतं, डोक्यावर मोळी घेतलेली बाई फळीवरून ट्रॉलीवर चढतेय, आणि बांधावर वाढ्यांच्या ढिगाशेजारी तिचं पोर झोपलंय. तिनं तोडलेला ऊस कोल्हापूरच्या उत्पन्नात, ती आणि पोर बीडच्या खानेसुमारीत.

मागच्या हंगामात टपरीवर एकजण सांगत होता, आपला जिल्हा उत्पन्नात राज्यात वरच्या नंबरात, बीड पार खाली. बाकड्यावर तोडणी टोळीचा एक मुकादम बशीत चहा ओतत होता. मान वर न करता म्हणाला, "निम्मं बीड तर तुमच्याच फडात हाय की."