संडासाची दुरुस्ती: हलकं काम कुणाचं?

(कोल्हापुरात तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय संडासाचा आहे. हसू आलं असेल तर हसून घ्या. तहारतीवर आपण तासन् तास बोलतो, वुजूचे फर्ज तोंडपाठ असतात. पण घरातली फ्लशची टाकी रात्रंदिवस गळते आणि तिचं झाकण उचलून बघायला कुणी तयार नसतं. हे काम हलकं, असं आपल्या डोक्यात बसलंय. घासायचं अम्मीने नाहीतर बहिणीने, आणि तुंबलं की 'त्या' माणसाला बोलवायचं.

आधी पाण्याचा हिशोब करू. गळणाऱ्या जेटखाली एक लिटरचा मग ठेवा. तो दहा मिनिटांत भरला तर तासाला ६ आणि दिवसाला १४४ लिटर पाणी गेलं. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण आहे. म्हणजे एका माणसाचं पूर्ण पाणी गटारात! पैगंबरसाहेब एक मुद्द, म्हणजे पाऊण लिटरहून कमी पाण्यात वुजू करत, असं हदीसमध्ये आलं आहे. त्या मापाने हे जवळपास दोनशे वुजूंचं पाणी झालं. यालाच इसराफ म्हणतात. २०१९ च्या महापुरात पंचगंगा शहरात शिरली आणि उपसा केंद्रं बुडाल्यामुळे नळ मात्र कोरडे पडले. आपल्याला पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता कामाला हात घालू. टाकीचं झाकण उचला. मधल्या उभ्या नळीतून पाणी सतत आत पडत असेल तर फ्लोट जास्त वर बसलाय. पातळी नळीच्या तोंडाखाली इंचभर राहील, इतका तो खाली करा. तिथे ठीक असेल तर टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, की समजा तळाचा रबरी वॉशर गेला. अँगल कॉक बंद करा, टाकी रिकामी करा, वॉशर काढा. नुसते क्षार बसले असतील तर धुऊन पाहा. रबर कडक झालं असेल तर तो जुना वॉशरच हार्डवेअरच्या दुकानात न्या आणि त्याच मापाचा नवा आणा.

भांडं तुंबलं तर लगेच ॲसिड ओतू नका. रबरी पंप भोकावर घट्ट बसवा, रबर पाण्यात बुडू द्या आणि पंधरा-वीस वेळा जोरात दाबा-ओढा. गरम पाणी चालेल, उकळतं नको. भांड्याला तडा जातो. ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद खोलीत जीवावर बेतू शकतो. संडास, मोरी, बेसिन सगळंच एकदम तुंबत असेल तर दोष बहुधा बाहेरच्या चेंबरमध्ये असतो. पॅड, डायपर, ओले वाइप्स भांड्यात टाकणं बंद केलं, तर निम्मी डोकेदुखी तशीच जाईल.

पण एक हद्द ओलांडायची नाही. सेप्टिक टँकमध्ये स्वतः उतरायचं नाही आणि दुसऱ्या कुणालाही उतरवायचं नाही. आत विषारी वायू असतो. एकाला वाचवायला गेलेला दुसराही मरतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूंसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. त्या पैशाने कुणाचा अब्बा परत येत नाही. टँक उपसायला मैला उपसणारी गाडीच बोलवा.

हे काम करणाऱ्यांत आपलेही लोक आहेत. हलालखोर ही मुस्लिमांमधलीच जमात आहे. मशिदीत एका सफमध्ये उभं राहायचं आणि बाहेर त्यांच्या कामाला नाक मुरडायचं, ही समता नव्हे. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०६ मध्ये या शहरात मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. तिथून शिकून कुणी हातांनी काम करायला लाजावं, असा त्याचा हेतू नव्हता.

तेव्हा भावांनो, या रविवारी घरातल्या टाकीचं झाकण तुम्ही उचला. ब्रशही तुम्हीच हातात घ्या. आणि शेजारच्या खालाजानच्या घरी नळ गळत असेल, तर पान्हा घेऊन तिकडेही जा.

खुदा हाफिज.